सातवा दिवस, रात्री दहा

पहाटे 4:00

उजाडलं. पडक्या घराच्या माळ्यावर रात्र काढलेला आपला गडी शिडीवरून खाली उतरतो. अंगणात नर्सच्या कपड्यातली एक बाई भटकते आहे. मध्यरात्री हीच बाई कुंपणापासून दारापर्यंत धावत आली होती, आता पाय ओढते आहे. ‘सेव्हन डेज टू डाय’ या व्हिडिओ गेममधल्या मेलेल्यांचं वेळापत्रक ठरलेलं असतं. दिवसा चालायचं, रात्री धावायचं. गडी दंडुक्याचे चार घाव घालून तिला आडवी करतो आणि कामाला लागतो. सहा दिवसांत एवढा सराव झाला आहे.

मुलूख अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यातला, पण नकाशावर न सापडणारा. नॅव्हेझगेन नावाचा हा काल्पनिक परगणा, साल 2034, तिसरं महायुद्ध होऊन गेलेलं. खेळ टेक्सासच्या ‘द फन पिंप्स’ या कंपनीचा. 2013 साली किकस्टार्टरवर लोकांकडून पाच लाख डॉलरांहून जास्त रक्कम गोळा करून त्यांनी तो करायला घेतला, त्याच वर्षीच्या डिसेंबरात अर्धाकच्चा विकायलाही काढला आणि ‘आता पूर्ण झाला’ म्हणायला 2024चा जुलै उजाडला. मधल्या दहा वर्षांत भिंती बदलल्या, हत्यारं बदलली, मेलेल्यांचे चेहरे बदलले, त्यांची अक्कलही बदलली. सातवा दिवस मात्र जागचा हलला नाही.

खेळातला एक दिवस आपल्या घड्याळातल्या एका तासात संपतो. पहाटे चार ते रात्री दहा उजेड, म्हणजे आपली पंचेचाळीस मिनिटं. उरलेली पंधरा मिनिटं अंधार. सेटिंग बदलून हे कमीजास्त करता येतं, पण बहुतेक जण बदलत नाहीत. आजच्या रात्री काय होणार हे गड्याला ठाऊक आहे. खेळाच्या नावातच ते लिहिलेलं आहे.

सकाळी 6:00

व्यापाऱ्याचं फाटक उघडतं. या जगात पाच व्यापारी आहेत आणि आपल्या गड्याच्या वाट्याला रेक्ट आला आहे, त्यांतला सगळ्यात तुसडा. हा गिऱ्हाइकाचा पाणउतारा केल्याशिवाय माल देत नाही. चलन ‘ड्यूक’, म्हणजे कॅसिनोत खेळायची नाणी. सरकार गेलं, बँका गेल्या, पण जुगाराच्या अड्ड्याचं नाणं टिकलं. खेळ करणाऱ्यांनी हा विनोद एवढ्या सहज केला आहे की तो लक्षात यायलाच वेळ लागतो.

रेक्टच्या आवाराच्या भिंती कुणालाच फुटत नाहीत. मग रात्री इथेच का थांबू नये? कारण बंद व्हायची वेळ झाली की खेळ गड्याला उचलून फाटकाबाहेर ठेवतो. जगातली एकमेव अभेद्य जागा नेमकी हवी त्या वेळी बंद असते.

गडी काम मागतो. गावातलं एक दुमजली घर साफ करायचं, बदल्यात नाणी आणि एखादी चांगली वस्तू. आजच्या दिवशी काम घेणं शहाणपणाचं नाही. पण पाइप पिस्तुलाच्या गोळ्या थोड्या आहेत आणि रेक्टकडे त्या मिळतात.

सकाळी 8:00

पडद्यावर वर दिवसाचा आकडा दिसतो, रोज पांढरा. आज तो लाल झाला आहे. त्याच्याबरोबर कसलं स्पष्टीकरण येत नाही, फक्त तांबडा ‘7’.

जग संपल्यानंतरच्या खेळांत शत्रू सहसा हुडकत येतो. 2013चाच ‘द लास्ट ऑफ अस’ घ्या. त्यातले ‘क्लिकर’ आंधळे, आवाजाच्या मागावर येणारे. तिथे खेळणारा श्वास रोखून बसतो, बाटली दुसरीकडे फेकतो, चुकवून निसटतो. इथे आज रात्री निसटणं नाही. दर सातव्या रात्री चंद्र लाल होतो, आणि त्या रात्री निघणाऱ्या झुंडीला गडी कुठे आहे हे आधीच माहीत असतं. तळघरात असो, डोंगरावर असो, गाडीवर बसून पळत असो. गाडीवर पळणाऱ्यावर तर गिधाडं सोडली जातात. तारीख सांगायची, वेळ सांगायची, पळवाटा एकेक करून बुजवायच्या आणि मग माणसाला दिवसभर मोकळं सोडायचं. या खेळातला सगळ्यात क्रूर भाग मला तरी हा दिवसच वाटतो.

सकाळी 9:00

दुमजली घर. 2017च्या आवृत्तीपासून या घरांमध्ये ‘झोपलेले’ असतात: कपाटात, न्हाणीघरात, छताच्या पोकळीत. गड्याचं पाऊल त्यांच्या खोलीत पडलं की जागे होतात. घराची वाटही आखलेली असते. पुढचं दार बंद, जिना मोडका, भिंतीला भगदाड, पलीकडे माळा आणि सगळ्यात शेवटी ऐवजाची खोली. कुठे विनाकारण दिवा जळताना दिसला तर वाट तिकडूनच आहे असं समजावं, आणि वरून कुणीतरी अंगावर पडणार आहे असंही.

पहिले तिघे सोपे गेले. चौथा ‘स्पायडर’. काटकुळा, बसक्या चालीचा, पण अंतर राखून उभं राहावं तर उंच उडी मारून थेट छातीवर. माळ्यावर त्याने गाठलं आणि चावला.

ऐवजाच्या खोलीत गोळ्यांची एक पेटी मिळाली, थोडं सिमेंट आणि एक टोपी. मरून पडलेल्यांचे खिसे तपासायची सोय जुन्या आवृत्त्यांत होती, ती काढून टाकली. आता क्वचित एखाद्याकडून पिशवी पडते, एरवी प्रेत म्हणजे नुसतं प्रेत.

सकाळी 10:30

चाव्याची जखम चिघळली आहे. पडद्याच्या कोपऱ्यात टक्का दिसतो आणि तो वाढत जातो. उपाय दोन. प्रतिजैविकाची गोळी, जी गड्याकडे नाही, किंवा मध. मध सापडतो तुटक्या झाडांच्या बुंध्यांत, आणि प्रत्येक बुंध्यात असतोच असं नाही. गडी दगडी कुऱ्हाड घेऊन पाइनच्या रानात बुंधे फोडत हिंडतो. पहिल्यात काही नाही, दुसऱ्यात काही नाही.

रात्रीच्या पडझडीची सुरुवात मला इथे दिसते. एक चावा, त्यासाठी मध, मधासाठी रान, आणि रानात गेलेला अख्खा तास. झुंड अजून कुठे जन्मलीही नाही, पण तिच्यासाठी राखलेला वेळ तिच्या भावंडांनी सकाळीच खाल्ला.

दुपारी 12:00

मध मिळाला. रेक्टला कामाचा हिशेब देऊन, नाणी घेऊन, तीच नाणी गोळ्यांवर त्यालाच परत देऊन गडी आपल्या ठाण्यावर येतो.

ठाणं साधंच आहे. नऊ लाकडी खांब, त्यांवर उंच मंच, मंचाभोवती कमरेएवढी भिंत, भिंतीला लोखंडी गज. गजांतून भाला खुपसता येतो, पिस्तूल झाडता येतं. अंथरूण मात्र इथे नाही, ते दोन गल्ल्या पलीकडच्या त्या माळ्यावरच राहिलं आहे. मेल्यावर माणूस अंथरुणाशी पुन्हा उभा राहतो, म्हणून ते कुठे पसरायचं याला फार महत्त्व.

भट्टी पेटते. खिळे पाडायचे आहेत, बाणांना लोखंडी टोकं लावायची आहेत. शेजारी चूल, चुलीवर मांस. चार मशाली. गडी माती आणि दगड मिसळून खडी करतो, कारण लाकडाचा ठोकळा 500 घाव-गुण सोसतो, दगडी ठोकळा 1500, काँक्रीट 5000 आणि पोलाद 10000. सातव्या दिवशी पोलाद हे स्वप्न आहे. काँक्रीटला यंत्र लागतं, तेही नाही. म्हणजे दगड.

दुपारी 1:30

झाडीतून एक किडकिडीत बाई येते. घाई नाही, हत्यार नाही. ती गड्याला बघते, थबकते आणि किंचाळते.

हिला ‘स्क्रीमर’ म्हणतात. मारायला सोपी, आणि माझ्या मते या खेळातला सगळ्यात हुशारीने घडवलेला शत्रू. ती आपोआप येत नाही, तिला बोलावावं लागतं. जमिनीचा प्रत्येक तुकडा आतल्या आत ‘उष्णता’ मोजत असतो. भट्टीची उष्णता, चुलीची, मशालींची, पिस्तुलाच्या बाराची, दगड फोडण्याच्या आवाजाचीसुद्धा. मापटं भरलं की ही येते. तिची किंकाळी आणखी झोंबींना बोलावते, आणि वेळेत गप्प केलं नाही तर तिच्यासारखीच दुसरी येते. माणूस जितका संसार मांडेल तितका तो दुरून दिसतो. भट्टी नसेल तर खिळे नाहीत, आणि भट्टी असेल तर ही बाई आहे.

गडी तिला दोन बाणांत पाडतो, पण एक किंकाळी निघून गेलेली असते. पुढचा पाऊण तास आलेल्या सात-आठ जणांना निपटण्यात जातो, त्यात भाल्याची धार जाते. भट्टी चालूच राहते. विझवायला मन होत नाही.

दुपारी 4:00

आता भिंत. मंचावरच्या चारही बाजू लाकडाच्या आहेत, त्या दगडाच्या करायच्या. एकेका ठोकळ्यावर कुऱ्हाडीचे ठोके घालायचे, लाकूड लपून दगडाचा रंग चढेपर्यंत. काम समाधानाचं असतं. समोरची बाजू झाली, डावी झाली, उजवी झाली. खडी निम्म्याहून जास्त संपली.

संध्याकाळी 6:00

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं काम, म्हणजे शत्रूसाठी रस्ता.

नवख्याला हे ऐकून हसू येतं. पण 2018च्या अखेरीस आलेल्या अल्फा 17 या आवृत्तीने खेळाचं युद्धशास्त्रच बदललं. त्याआधी मेलेले सरळ रेषेत येत आणि समोर येईल ते बडवत. जमिनीखाली खोल भुयार खणून बसणारे निवांत झोपत. अल्फा 17पासून ते वाट काढू लागले. कुठली भिंत किती घावांत पडेल, कुठे दार आहे, कुठे जिना आहे, वळसा घालून जाणं स्वस्त की फोडून जाणं, हे सगळं मांडून जिथे खर्च कमी तिकडे ते वळतात, अगदी अनुभवी कंत्राटदारासारखे. भुयारवाल्यांच्या डोक्यावर ते खणत उतरले.

डोकं चालवणाऱ्या शत्रूला फसवता येतं, हे खेळाडूंच्या लवकरच लक्षात आलं. त्याला स्वस्त वाट दिली की तो तीच घेतो. म्हणून अनुभवी लोक उतरंड बांधतात, तिच्या टोकाला अरुंद पट्टी ठेवतात आणि पट्टीच्या शेवटी गजांआड उभे राहतात. मेलेले शिस्तीत रांग लावून वर येतात आणि एकेक करून मार खातात. इतक्या वर्षांत खेळाडूंनी अशा सापळ्यांचं जवळजवळ स्थापत्यशास्त्र तयार केलं आहे, आणि प्रत्येक नव्या आवृत्तीत कंपनीने त्यातली एखादी वीट काढून घेतली आहे.

गडी समोर उतरंड बांधतो. टोकाला एका ठोकळ्याएवढी रुंद पट्टी. दिसायला सुबक झाली आहे.

रात्री 8:00

आकाश लालसर व्हायला लागतं. पिशवीत खडी मोजकीच उरली आहे. दोन कामं बाकी आहेत: मागची भिंत, किंवा खांबांचे तळ. मागची भिंत डोळ्यांसमोर आहे, पिवळ्या लाकडाची, तिन्ही दगडी बाजूंमध्ये विद्रूप दिसणारी. खांब खाली अंधारात आहेत.

तो मागची भिंत दगडाची करतो.

हा निर्णय त्या क्षणी चुकीचा वाटत नाही. झुंड वर चढून येणार, मारामारी वर होणार, मग वरचा भाग मजबूत हवा. यात एकच गोम आहे. या जगात वजन मोजलं जातं. प्रत्येक ठोकळ्याला खालून जमिनीपर्यंत आधार लागतो किंवा शेजाऱ्याने धरून ठेवावं लागतं, आणि शेजाऱ्याची ताकदही मोजलेली असते. चारी बाजूंनी दगड चढवून गड्याने मंच मजबूत केला, तसा जडही केला. आणि तो तोलायला खाली तेच 500चे लाकडी खांब.

रात्री 9:30

खांबांभोवती लाकडी सुळे रोवून होतात, एकच रांग. चढणाऱ्यांना त्यांनी इजा होते, पण प्रत्येक इजेबरोबर सुळाही झिजतो. गडी वर चढतो, शिडीच्या खालच्या पायऱ्या तोडतो, मांस खातो, पाणी पितो. गोळ्या मोजतो. भट्टी खाली अजून धगधगते आहे.

दूर रेक्टचं फाटक बंद झालं असेल.

रात्री 10:00

मेघगर्जना. चंद्र तांबडा. पडदाभर लाल झाक.

एका खेळाडूमागे एका वेळी आठ जिवंत मेलेले, हा मूळ हिशेब. आठ म्हणजे काही फार नाही असं वाटतं. पण एक पडला की त्याच्या जागी दुसरा उगवतो, आणि सगळे पहिल्या पावलापासून धावत येतात, थेट, कुणाला न विचारता.

ते उतरंडीशी येतात आणि चढतात. रांग लागते. सापळा चालतो! गजांतून भाला, एक पडला. भाला, दुसरा. पहिल्या आठवड्यातली झुंड कच्चीच असते. कुणी पर्यटक, कुणी लाकूडतोड्या, जळून कोळसा झालेला एखादा. गडी चक्क हसत असतो.

रात्री 11:00

पट्टी अरुंद आहे. भाल्याचा घाव बसला की मेलेला मागे ढकलला जातो, तोल जाऊन खाली पडतो. पडला की मरतोच असं नाही. आणि उंचावरून पडलेल्याचं डोकं फिरतं. तो पुन्हा उतरंडीकडे वळायच्या ऐवजी थोडा वेळ हाताला लागेल ते फोडत सुटतो.

खाली हाताला लागतात ते खांब.

वरून हे दिसत नाही. ठक, ठक असा आवाज येतो, पण आवाज तर सगळीकडूनच येतो आहे. गड्याचं लक्ष पट्टीवर. त्याचा नेम जितका चांगला, तितके जास्त जण खाली पडतात, तितके जास्त खांबांशी जमतात.

मध्यरात्र

सुळे संपले. गिधाडं आली, दोन. त्यांच्यावर पिस्तूल झाडण्यात गोळ्या गेल्या. आपल्या घड्याळात युद्ध सुरू होऊन जेमतेम पाच मिनिटं झाली आहेत. गड्याला ती तासाभरासारखी वाटतात. नियम करणाऱ्यांना हे पक्कं माहीत आहे, म्हणूनच रात्र पंधरा मिनिटांचीच ठेवली आहे.

रात्री 1:10

डाव्या कोपऱ्याचा खांब गेला. मंच हलत नाही. या खेळात इमारत डुगडुगत नाही, कुरकुरत नाही. ती उभी असते किंवा नसते. कोपऱ्याचं वजन शेजारच्या दोन खांबांवर सरकलं आहे आणि त्यांतल्या एकावर तिघे जण तुटून पडले आहेत.

उतरून डागडुजी करावी तर शिडी तोडलेली. तहान लागल्यावर विहीर खणायचीही सोय गड्याने ठेवलेली नाही.

रात्री 1:40

दुसरा खांब. पुढचं सगळं दोन सेकंदांत. डावी बाजू, मग समोरची, मग गज, मग संध्याकाळी इतक्या हौसेने दगडाची केलेली मागची भिंत, आणि तिच्याबरोबर गडी. तो ढिगाऱ्यात पडतो, पाय मोडतो, आठही जणांच्या मधोमध. पिस्तुलात दोन गोळ्या असतात. त्या त्याने झाडल्या की नाही याने काही फरक पडत नाही.

गडी बाद.

पहाटे 4:00, आठवा दिवस

माळ्यावरच्या अंथरुणाशी तो पुन्हा उभा आहे, रिकाम्या हातांनी, अनुभवगुणांचा भुर्दंड सोसून. आकडा पुन्हा पांढरा. पाठपिशवी ढिगाऱ्यात पडलेली असते, ती आणायला जावं लागेल. मागे उरलेले चार-पाच आता पुन्हा पाय ओढत आहेत.

पुढची तारीख ठरलेली आहे: चौदावा दिवस, रात्री दहा. कोण येणार हे खेळ गड्याची पातळी आणि तो किती दिवस जगला यावरून ठरवतो. जितका तरबेज होशील तितके वाईट पाहुणे. पुढे ढेरपोटे पोलीस येतील, दुरून आम्ल ओकणारे आणि मरायला टेकले की धावत येऊन फुटणारे. मग चमकत्या डोळ्यांचे ‘फेरल’, मग किरणोत्साराने हिरवे झालेले, ज्यांच्या जखमा आपोआप भरतात. आणि कधीतरी, बऱ्याच आठवड्यांनी, ‘डिमॉलिशर’, अंगावर चिलखत, छातीवर स्फोटकांची कळ. नेम चुकून त्या कळीवर बसला तर टिकटिक सुरू होते आणि काँक्रीटसुद्धा उडतं. जमेची बाजू एवढीच की मरणाने पाहुणे ठरवणारा हा हिशेब थोडा खाली येतो. हरलेल्याला पुढची झुंड जराशी सौम्य मिळते.

गडी ढिगाऱ्यातून पिशवी उचलतो. दगड बराच उरला आहे, वरच्या भिंतींचाच. तो पहिला ठोकळा ठेवतो तो खाली, जमिनीला लागून, खांबाच्या तळाशी. मग भट्टीकडे बघतो. तिला काहीच झालेलं नाही, रात्रभर खिळे पाडत बसली होती. आणि झाडीच्या कडेला एक किडकिडीत बाई येऊन उभी आहे.